डावीकडची अळंबी

फोन ‘ही वेबसाइट असुरक्षित आहे’ असं दटावू लागले, म्हणून स्वीडनच्या उप्साला शहरातल्या आमच्या अळंबीप्रेमींचा ऑनलाइन फोरम मी सुरक्षित करून घेतला. पत्त्याशेजारी कुलूप आलं, पण पानांची मांडणी कोसळली. शेजारी-शेजारी लावलेले फोटो उलटसुलट होऊन एकाखाली एक गेले.

आज फोरमवरच्या बिर्गरचा हॉस्पिटलातून फोन आला. “अरे, गुनेलने लिहिलंय, डावीकडची बिनधास्त खा, उजवीकडची जीव घेईल. मी वरची खाल्ली! डॉक्टर विचारतायत, कुठली? काय सांगू?”

ते फोटो टाकणाऱ्या गुनेललाच ठाऊक. ती जंगलात होती आणि तिचा फोन लागेना. शेवटी मी तिच्या नवऱ्याला, सिक्स्टनला गाठलं.

“कुठल्या जंगलात गेलीय ती? मी गाडी काढतो.”

“तिथे सगळे शोधतात त्या पिवळ्या अळंब्या उगवतात रे,” तो म्हणाला. “ती जागा आम्ही पोटच्या पोरांनाही सांगितलेली नाही.”

“सिक्स्टन, पाया पडतो तुझ्या! बिर्गर मरेल!”





“बिर्गरचं वय काय असेल रे आता?”