भिंतीतली फट

आईच्या खोलीतला हीटर थोरल्याने स्वतःच्या हाताने माळ्यावर चढवला, तेव्हा आई एवढंच म्हणाली, "राहू दे. मला कुठे एवढी थंडी वाजते?"

विजेच्या बिलाने यंदा त्याची झोप उडवली होती. छापखान्यात तो फोरमन होता, पण काम रोडावलं होतं आणि थंडी काही हटत नव्हती. गिझर आता सकाळी एकदाच लागायचा, त्यात जेवढं तापेल तेवढ्यात सगळ्यांनी भागवायचं. संध्याकाळी एकाच दिव्याखाली बसायचं. बायको दोन स्वेटर चढवून भांडी घासायची. माझं मी सोसेन, पण आईंचं वय बघा, असं तिने सांगून पाहिलं. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

हीटरऐवजी त्याने फटी बुजवायला घेतल्या. खिडक्यांना कागदाच्या पट्ट्या, दाराखाली जुन्या चादरीची वळकटी. काही दिवसांनी तो आईच्या खोलीत डोकावला आणि खूश झाला. खोली चक्क उबदार होती. त्याने बायकोला बोलावून दाखवलं.

"बघ. फटी बुजवल्या की हीटर लागतो कशाला?"

आईने मान हलवली आणि गुडघ्यावरची शाल सारखी केली.

राहिला होता कपाटामागचा कोपरा. सुट्टीच्या संध्याकाळी त्याने कपाट सरकवलं आणि तो थबकला. भिंतीला खाली बोटभर भोक होतं. त्यातून एक काळी वायर निघून आईच्या खाटेखाली, तिथल्या प्लगच्या दिशेने गेली होती.

भिंतीपलीकडे धाकटा राहायचा. वडील गेल्यावर घराच्या वाटणीवरून दोघा भावांचं बिनसलं, मधे ही भिंत उभी राहिली आणि बोलणं कायमचं तुटलं. धाकटा फ्रीज दुरुस्त करायचा. वायर कशी ओढायची हे त्याला शिकवायला नको होतं.

आपण इथे कुडकुडतोय आणि हा आपल्या विजेवर शेकत बसलाय, असं थोरला तावातावाने म्हणाला. चोरीची तक्रार करणार, मीटर तपासायला माणसं आणणार, भावाला बेड्या पडल्या तरी चालतील, असं तो बोलत सुटला. आधी जाऊन विचारून तर या, असं बायकोने विनवलं. त्याने तिला हातानेच गप्प केलं.

"अरे, आधी माझं ऐक," आई म्हणाली.

"तू यात पडू नकोस, आई. तुझ्या भोळेपणाचा फायदा घेतलाय त्याने."

आईने मान खाली घातली.

त्याला साक्षीदार हवा होता. धाकट्याच्या खिडकीतला उजेड अंगणात पडला होता. त्यावर नजर ठेवायला सांगून त्याने बायकोला आईच्या खिडकीशी उभं केलं. मी मेन स्विच बंद केला की तिकडेही अंधार होईल, नीट बघून ठेव, असं बजावून तो बाहेर पॅसेजमध्ये गेला.

त्याने स्विच खाली ओढला. घर अंधारात बुडालं.

"झाला ना तिकडे अंधार?"

तो चाचपडत आईच्या खोलीच्या दाराशी आला. बायको खिडकीबाहेर पाहतच नव्हती. अंगणातला उजेड तसाच होता, आणि आईच्या खाटेखाली, ट्रंकेच्या आड, एका छोट्या हीटरची कॉइल लालभडक पेटलेली होती.