सोडलेला राग

"मंग आता हा राग दान कोणाले देता, शोभाबाई?" लालीबाईनं विचारलं आणि देवळाच्या ओट्यावर बसलेल्या साऱ्या बाया हसल्या.

कार्तिकी द्वादशी होती. चातुर्मास सरला होता. आषाढात जे सोडलं ते आज आधी दान द्यायचं, मगच आपण तोंडाला लावायचं, अशी त्यांची रीत. लालीबाईनं चहा सोडला होता. तिनं पुजाऱ्याच्या बायकोपुढे चायपत्तीचा पुडा आणि साखर ठेवली. शोभाबाई दरवर्षी वांगी सोडायच्या. यंदा त्यांनी राग सोडला होता.

डॉक्टर तनवीर यांनीच तसं सुचवलं होतं. रक्तदाबाची गोळी मी देतो, आई, पण मनातली धुसफूस तुम्हालाच काढावी लागेल, या वयात तीच जास्त खाते माणसाला, असं ते म्हणाले होते. शोभाबाईंनी ते देवाचंच बोलणं मानलं. आषाढी एकादशीला तुळशीपुढे हात जोडून त्यांनी नेम धरला. नवऱ्यावर रागवायचं नाही.

राग एकाच गोष्टीचा होता. लेकीनं, गुंजननं, आपल्या पसंतीनं लग्न केलं, तेव्हा श्रीकृष्णरावांनी तिला दारातूनच परतवून लावलं. त्याला आता कितीतरी वर्षं झाली. गुंजन चंद्रपूरला राहते. वणीहून जेमतेम दोन तासांचा रस्ता. फोनवर आईशी बोलते, लेकराचा चेहरा दाखवते, पण यायचं नाव काढलं की म्हणते, बाबा बोलावतील तेव्हा येईन. आणि बाबा कधी बोलावत नाहीत.

मग शोभाबाई नवऱ्याशी भांडायच्या. रोज, कशावरूनही. बाजारातून सीताफळं आली की, ज्या पोरीला आवडतात तिला तर घालवलं, आता कोणासाठी आणली? शेजारी जावई आला की, आपलाही आला असता. भांडण मिठावरून सुरू होवो की पाण्याच्या मोटारीवरून, शेवट गुंजनवरच व्हायचा. श्रीकृष्णराव मान खाली घालून जेवायचे आणि हात धुवायला उठायचे.

नेम धरल्यावर मात्र शोभाबाईंनी शब्द पाळला. गुंजनचं नाव जिभेवर आलं की त्या तिथेच आवरायच्या आणि मनात रामनाम घ्यायच्या. नवऱ्यापुढे ते नाव रागावाचून त्यांच्या तोंडून कधी निघालंच नव्हतं, म्हणून रागाबरोबर त्यांनी तेही सोडलं. नवऱ्याशी गोड बोलायच्या, चांगलं तेवढं आठवायच्या. त्यांना झोप लागू लागली. डॉक्टरांनी एक गोळी कमी केली आणि देवळातल्या बायांना त्यांचं उदाहरण दिलं.

श्रीकृष्णराव तेवढे उतरत चालले होते. पानात भाकर उरायची. शोभाबाईंना वाटायचं, वय झालं. स्वयंपाक चालू असला की ते विनाकारण दाराशी येऊन उभे राहायचे. एकदा नळ तसाच वाहता सोडला. एकदा तर मुद्दाम केल्यासारखं ताक सांडलं आणि बायकोच्या तोंडाकडे बघत राहिले. शोभाबाईंनी हसून फडक्यानं पुसून घेतलं. परवा ते टोपलीभर सीताफळं घेऊन आले आणि त्यांच्यापुढे ठेवली. शोभाबाईंनी एक खाल्लं, गोड आहेत म्हणून सांगितलं आणि बाकीची शेजारी वाटली. म्हातारा उठून आत निघून गेला.

लालीबाईच्या प्रश्नावर शोभाबाईही बायांबरोबर हसल्या. मग घरी आल्या. पारण्याचं पान वाढलं. श्रीकृष्णराव पाटावर बसले, पण घास उचलेनात.

"संपला का तुहा नेम?" त्यांनी विचारलं.

"संपला."

"मंग आज भांडशीन?"

शोभाबाईंना वाटलं, थट्टा करून राह्यले. त्यांनी वर पाहिलं. नवऱ्याचे डोळे भरले होते.

"तू भांडायची तवा पोरीचं नाव तरी निघे घरात," ते म्हणाले. "आखाडापासून मी तिचं नाव आयकलं नाही."

शोभाबाईंच्या हातातली वरणाची पळी तशीच राहिली. मग तुम्ही का नाही घेतलं तिचं नाव, असं त्यांनी हळूच विचारलं. श्रीकृष्णराव म्हणाले, मी कोणत्या तोंडानं घेऊ, हाकललं तर मीच होतं.

शोभाबाईंनी मनात राग धुंडाळून पाहिला. आज तो आला असता तर कोणी अडवलं नसतं. पण राग नव्हता. तो होता त्या जागी आता नुसती गुंजन उभी होती, दाराबाहेर, हातात पिशवी घेऊन. इतकी वर्षं रागाआड ती धड दिसतही नव्हती. आणि पलीकडून हा म्हातारा तिच्याकडेच बघत होता.

त्यांनी पळी खाली ठेवली. फोन आणला, लावला आणि नवऱ्याच्या हातात दिला. तिकडून आवाज आला, आई, झालं का पारणं? श्रीकृष्णरावांनी फोन कानाशी नेला. आई, बोल ना, गुंजन पुन्हा म्हणाली.

त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"गुंजन, मी बोलतो. तुह्या आईनं माह्याशी भांडणं सोडलं, बाई. आता तू तरी घरी ये, अन् भांड माह्याशी."