जिंकलेलं मत

देशाच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा निकाल लागला, त्याच्या दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या वॉर्डातल्या काळ्या सिस्टर कडक इस्त्रीच्या गणवेशात, ताठ मानेनं कामावर आल्या. दोघी मिळून पलंगाची चादर बदलत असताना पलीकडची गोरी, धाकटी नर्स एकदम हुंदके देऊ लागली.

"ताई, तुमच्या बाई पडल्या हो! काळी बाई लोकांना नाही चालली!"

"लोक म्हणजे कोण गं? तू कुणाला दिलंस मत?"

नर्स चादरीच्या टोकाशी चाळा करत राहिली. "आमच्याकडे ते सगळं हेच ठरवतात. यांचाच माणूस निवडून आला."

सिस्टरनी आपल्या बाजूचा कोपरा गादीखाली घट्ट खोचला.

"मग डोळे पूस बघू. तुझं मत जिंकलंय. माझं हरलं, पण ते माझं होतं."