मोठ्या अक्षरांत

मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीतल्या ताईंनी या महिन्याचं बातमीपत्र अगदी पोटतिडकीने लिहिलं होतं. कॅन्सरवरचं संशोधन आता कुणालाही फुकट वाचता येणार, ना वर्गणी, ना पासवर्ड! शेवटी तर त्यांनी आवाजच चढवला होता: ‘ज्याचं दुखणं, त्याच्यापासूनच माहिती कुलपात ठेवायची, याची आपल्याला लाज वाटायला हवी.’

दिवसभर कौतुकाचे फोन आले. हरखून गेलेल्या ताईंनी मोठ्या अक्षरांत एक प्रिंट काढली आणि घरी आईला नेऊन दिली.

आई हल्ली अंथरुणालाच खिळली होती. पोटात साधी गाठ आहे, गोळ्यांनी विरघळेल, असं ताईंनीच तिला सांगून ठेवलं होतं.

आईने चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवत सगळं वाचलं. शेवटच्या वाक्यावर बोट थांबलं, तेव्हा कुठे ताईंच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी कागद परत घ्यायला हात पुढे केला, पण आईने तो सोडला नाही.

“छान लिहिलंयस हो,” आई म्हणाली.

 

“आता तुझ्या टेबलाच्या खणाची किल्ली दे. माझा रिपोर्ट वाचायचाय मला.”