सतरावा दिवा

दमयंतीने चौथ्यांदा मनगटाला पट्टा बांधला. पडद्यावर तोच शेवटचा प्रश्न आला: ‘बाळामागची वार अडकली, तर एकटीने निभावाल का?’

“होय,” ती म्हणाली. पट्ट्यावरचा दिवा लाल झाला. तोंडाने काहीही म्हटलं तरी आतली धाकधूक पट्ट्याला कळायची, आणि सतराही उत्तरांना हिरवा दिवा लागल्याशिवाय सुईणीला एकटीने काम करायचा परवाना मिळत नसे.

या प्रश्नाला तिला दरवेळी ती बाई आठवायची. वार सुटायची वाट न बघता दमयंतीने तिची नाळ ओढली होती. बाई वाचली, ती शेजारी डॉक्टर उभे होते म्हणून.

दमयंतीबरोबर शिकलेल्या प्रणिताला मात्र पहिल्याच दिवशी सतराही हिरवे लागले होते. तिच्यावर असली वेळ कधी आलीच नव्हती. आज ती डोंगरावरच्या पाड्यावर एकटी होती.

“पुढल्या महिन्यात या,” म्हणत परीक्षक बाई पट्टा सोडायला वाकल्या, तेवढ्यात दमयंतीचा फोन वाजला.

“ताई, अर्धा तास झाला, वार पडतच नाही गं!” प्रणिता रडकुंडीला आली होती.

“नाळेला हात लावू नकोस,” दमयंती म्हणाली. “आधी दवाखान्याची गाडी बोलव, बाळाला आईच्या छातीशी लाव. रक्त किती जातंय?”

तिच्या मनगटावरचा दिवा हिरवा झाला. परीक्षक बाई खुशीने हसल्या.



“ताई, मी ओढली गं.”