घर, चाळीस शब्दांत

मेरेटेचा तिसरा मसुदाही गुनवोरने वाचला आणि टेबलावरून परत सरकवला.

"हिंसामुक्त उद्याकडे नेणारा आशेचा दीपस्तंभ," ती म्हणाली. "इथे येणारीला दीपस्तंभ नको असतो, बाई. दाराला आतून कडी हवी असते."

रॅनर्स गावातल्या एका मागच्या गल्लीत गुनवोर बावीस वर्षं हे घर चालवत होती. नवऱ्याच्या मारातून सुटून आलेल्या बायकांसाठी अकरा खोल्या. ती पूर्वी नर्स होती, आणि अजूनही कोणाच्या तोंडाकडे बघण्याआधी हाताकडे बघायची. घराला अनुदान देणाऱ्या निधीवर प्रेबेन नावाचे नवे अध्यक्ष आले होते. त्यांना महिनाअखेरीपर्यंत घराचं ध्येयवाक्य हवं होतं: चाळीस शब्दांच्या आत आणि वाचून स्फूर्ती येईल असं. नाहीतर पुढच्या वर्षाचं अनुदान विसरा.

ते लिहायला त्यांनी मेरेटे फ्रीसला पाठवलं होतं. ती बँकांसाठी, पवनचक्क्यांच्या कंपन्यांसाठी असली वाक्यं लिहायची. राखाडी कोट, केस जागच्या जागी. गुनवोरला ती पहिल्या दिवसापासून खटकली होती.

मेरेटे रागावली नाही. तिने वही उघडली आणि विचारायला लागली. दार उघडल्यावर बाई पहिलं काय बोलते? गुनवोरने सांगितलं, बहुतेकजणी काहीच बोलत नाहीत. काहीजणी त्रास दिल्याबद्दल माफी मागतात. मूलबाळ नसलेलीला घेता का? घेतो. चांगली कमावती असेल तर?

"मारणारा पगाराची चिठ्ठी बघून मारत नाही," गुनवोर म्हणाली.

आणि नवरा गावातलं मोठं प्रस्थ असेल, त्याने फोन केला तर? फोन मीच घेते, गुनवोर म्हणाली, आणि सांगते की या नावाची कोणी इथे नाही. मेरेटेने ते लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

त्या रेघा बघून गुनवोरचं डोकं फिरलं. या बायकांची दुःखं म्हणजे तुमच्या लिखाणाचा मसाला नाही, असं तिने तोंडावर सुनावलं. "वाक्य झालं की तुम्ही घरी जाल. त्यांना जाता येत नाही."

मेरेटेने पेनाला टोपण लावलं. गुरुवारी शेवटचा मसुदा आणते, एवढंच बोलून ती गेली.

गुरुवारी सकाळी दहाला जेवणघरात बैठक बसली. निधीची पाच माणसं, कॉफी, दालचिनीचे गोड रोल. मेरेटेने उभं राहून वाचलं.

"आम्ही दार उघडू. आधी आत घेऊ, विचारायचं ते नंतर. तिच्यामागून कोणीही आला, कितीही मोठा असला, तरी ती स्वतःच्या मनाने निघेपर्यंत हे दार त्याला उघडणार नाही."

प्रेबेन घसा खाकरले. सुरुवात छान आहे म्हणाले, पण शेवटचं वाक्य फार कडक. देणगीदारांत पुरुषही आहेत, त्यांना आरोप केल्यासारखं वाटेल. तेवढं गाळू या.

"नाही," मेरेटे म्हणाली.

प्रेबेननी हसून समजावलं की शेवटी पैसे निधी देतो, आणि लिहिणारे दुसरेही मिळतात.

"मिळतील. पण हे वाक्य गाळणार असाल तर सगळंच गाळा. मी एकही शब्द बदलणार नाही."

तिचा आवाज चढला नव्हता, पण कागद तिने दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. गुनवोर खुर्ची मागे सारून उठली आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. अनुदान ठेवा तुमच्याकडे, ती प्रेबेनना म्हणाली. हे वाक्य मी स्वतः ब्रश घेऊन दारावर रंगवीन, आणि पैसे का बंद झाले ते वर्तमानपत्राला सांगेन.

मग टोकाला बसलेल्या म्हाताऱ्या खजिनदारांनी हात वर केला. एकेक करून बाकीचे वर गेले. सगळ्यात शेवटी प्रेबेनचा.

मंडळी गेल्यावर गुनवोरने दोन कप भरले. तुमच्याबद्दल माझं चुकलं, हे तिने कबूल केलं. असं वाक्य हवेतून येत नाही, इथल्या कोणत्या बाईने ते तुम्हाला सांगितलं, असंही विचारलं.

मेरेटेने कॉफीला हात लावला नाही.

"माझी बॅग गाडीत आहे," ती म्हणाली. "एखादी खोली रिकामी असेल का?"