टॅमरॅक, अरुंद ठळक

तिसरं पाकीट ऑरिनने टपालपेटीजवळ उभ्या उभ्याच फोडलं. आधीच्या दोन पाकिटांसारखंच ते साधं, पांढरं होतं. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. शिक्का मिनियापोलिसचा, पण या भागातलं सगळंच टपाल तिथून फिरून येतं, त्यामुळे त्यावरून काही कळत नव्हतं. आत एकच कागद आणि त्यावर एकच ओळ.

‘या मार्चमध्ये तो वर येणार.’

पहिल्या कागदावर होतं, ‘तो अजून खालीच आहे.’ दुसऱ्यावर, ‘बर्फाला सगळं ठाऊक आहे.’

शब्दांपेक्षाही अक्षरांनी त्याला धडकी भरली होती. उंच, सडपातळ, टोकांना कसलीही शेपटी नसलेली अक्षरं, खांद्याला खांदा लावून दाटीने उभी. हा टॅमरॅक होता. मासिकांचे मथळे आणि दुकानांच्या पाट्या यांच्यासाठी बेतलेला फॉन्ट, थोड्या जागेत मोठ्याने बोलणारा. अगदी बारीकपासून काळ्याकुट्ट ठळकपर्यंत अठरा भावंडांचं कुटुंब. त्यातलं एकही अजून बाजारात आलं नव्हतं.

त्याची एक प्रत ऑरिनच्या संगणकावर होती आणि दुसरी रायनरच्या, त्याच्या बायकोच्या, मार्लिसच्या घरी. शिकागोच्या फॉन्ट-विक्रेत्यांकडेही प्रत गेली होती, पण तिथं रायनरचं नावसुद्धा कुणी ऐकलेलं नव्हतं. करारावर ऑरिनचं एकट्याचं नाव होतं.

रायनर किवेला आणि ऑरिन सॅदर एकवीस वर्षं फॉन्ट बनवण्याच्या धंद्यात भागीदार होते. टॅमरॅक रायनरचा. त्यातल्या एकेका अक्षरासाठी तो सहा वर्षं झिजला. ऑरिनने फक्त आकडे आणि अक्षरांमधली अंतरं केली. दोन वर्षांपूर्वी, मार्च महिन्यात, लोखंडाच्या जुन्या खाणीत साचलेल्या, गोठलेल्या तळ्यावर रायनर मासे धरायला गेला. बर्फ फुटला. तळं चारशे फूट खोल. पाणबुडे दोनदा उतरले, पण हाती टोपीसुद्धा लागली नाही. तो एकटाच होता, असं शेरीफच्या कागदावर लिहिलेलं आहे. ऑरिनने सांगितलं होतं तसंच.

दुपारी मार्लिसचा फोन आला.

“ऑरिन, येऊन जा ना जरा. रायनरचं सामान आवरायला काढलंय. तुझी एक वस्तू सापडली.”

“कसली?”

“ये तर खरा. फोनवर काय सांगायचं!”

त्याने तिन्ही कागद कोटाच्या खिशात घातले आणि ट्रक काढला. रस्ता तळ्याच्या कडेनेच जातो. त्याने डावीकडे पाहिलं नाही.

“बूट झाडून ये रे, आत्ताच फरशी पुसलीय,” मार्लिस दारातूनच म्हणाली. “आणि असा पांढराफटक का पडलायस? धड जेवतोस तरी का?”

स्वयंपाकघरात तिने कॉफी ओतली. “घे. तुझ्या आवडीची, डांबरासारखी.” मग तिने टेबलावर एक हिरवा थर्मास ठेवला. बुडाशी ऑरिनच्या नावाची आद्याक्षरं कोरलेली होती.

“हा तुझाच ना?”

“हो.”

“रायनरच्या ट्रकमध्ये होता. सीटच्या मागे. ट्रक विकायचाय म्हणून आज साफ केला.” ती समोर बसली. “दोन वर्षं शोधला असशील तू.”

ऑरिनला वाटलं, ही मांजर आहे आणि आपण उंदीर. चिठ्ठ्या पाठवायच्या, कॉफी पाजायची, पुरावा पुढ्यात ठेवायचा आणि वाट बघत बसायची. तिचे डोळे शांत होते. त्या शांतपणानेच त्याचा धीर सुटला.

“मी तिथं होतो, मार्लिस.”

तिने कप खाली ठेवला.

“आमचं भांडण झालं. तो म्हणाला, टॅमरॅक घेऊन मी वेगळा होतो. चिडून पूर्वेच्या काठाकडे चालू लागला. तिकडं खाणीतलं पाणी उपसायचा पंप सुरू केलाय, पाणी उतरून बर्फ पोकळ झालाय, असं मला सकाळी गळवाल्या दुकानदाराने बजावलं होतं. रायनरला माहीत नव्हतं.” त्याने थर्मास बाजूला सरकवला. “एक हाक मारायची होती फक्त. मी मारली नाही. नुसता बघत राहिलो.”



“बुडताना त्याने तुला हाक मारली?” तिने विचारलं.

“दोनदा.”

मार्लिस उठली. भिंतीवरच्या फोनवरून तिने शेरीफच्या कचेरीला फोन लावला. आवाज अजिबात हलला नाही. पत्ता सांगितला, ऑरिनचं नाव सांगितलं, “तो कुठं जाणार नाही,” म्हणाली. मग सिंकची कड दोन्ही हातांनी धरून, त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

ऑरिनने खिशातून तिन्ही कागद काढून टेबलावर मांडले. छातीवरचा दगड उतरला होता. “आता तरी हे थांबव,” तो हळूच म्हणाला. मार्लिसने वळून पाहिलं. कागदांवर बोट टेकवून ती ते अक्षरांच्या कडेने फिरवू लागली आणि तिचा बांध फुटला. “त्याचीच आहेत ही अक्षरं,” एवढंच ती म्हणाली.

लांबून सायरन ऐकू आला. त्याच वेळी ऑरिनच्या खिशात फोन वाजला. सवयीने त्याने तो कानाला लावला.

“ऑरिन? मी डेल्फीन, शिकागोहून! अहो, मी दोन आठवडे सुट्टीवर होते, तुम्हाला कळवायचं राहूनच गेलं. मासेमारीचं ते मासिक टॅमरॅकवर अगदी फिदा झालंय. मुखपृष्ठाच्या मथळ्याचे नमुने सरळ तुमच्या पत्त्यावर टाका, असं मीच सांगितलं होतं त्यांना. खाणीच्या तळ्यात एक म्हातारा ट्राउट मासा आहे म्हणे, वर्षानुवर्षं कुणाच्या गळाला लागत नाही, त्याच्यावर लेख आहे. मिळाले ना तिन्ही? मग, कुठला आवडला तुम्हाला?”